पश्चिमेची खिडकी आणि मला लागलेली लू

सन १९६४. मला बासष्टावं वर्ष लागलं होतं आणि तोवर मी इस्पितळाची खाट पाहिलेली नव्हती. दात दुखला तर लवंग, पाय मुरगळला तर आंबेहळद. डॉक्टर दुसऱ्या लोकांसाठी, आपल्यासाठी नाही, असं मी समजत होतो.

आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत हस्तलिखित निघतं, त्यात लिहा म्हणून पाच वर्षं मला सांगतायत. मी चौथी शिकलेला माणूस. काच बसवायचं काम चाळीस वर्षं केलं, पेन फारसं धरलं नाही. पण यंदा तीन कुटुंबं नवी बदलून आली आहेत, एक सांगलीचं, दोन कोकणातली. त्यांनी पुढच्या जेठाच्या, म्हणजे आपल्या ज्येष्ठाच्या, आत हे वाचावं म्हणून लिहितो. कुणाला माझ्यावर हसायचं असेल त्यानं हसावं. माझं हसून झालेलं नाही, पण तुम्ही हसा.

खिडक्या

माझा मुलगा वसंता इथं सरकारी कचेरीत. बायको गेल्यावर मी मिरज सोडून त्याच्याकडे आलो. त्यानं शहराच्या भिंतीबाहेर प्लॉट घेऊन दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधायला काढलं, तेव्हा दारं-खिडक्या माझ्या, असं मी सांगून टाकलं. मिस्त्री इथला होता, रामकरण. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. तो खिडकीला हातभर भोक ठेवत होता.

मी म्हटलं, "ही खिडकी का उंदराचं बीळ?"

तो म्हणाला, "उस्तादजी, पच्छम में इतना शीशा मत लगाओ. जेठ में भट्टी हो जाएगी."

मी ऐकलं नाही. पश्चिमेच्या भिंतीला पुरुषभर उंचीच्या दोन खिडक्या काढल्या, एकेकीला सहा तावदानं. काच पक्की धरणारी लांबी स्वतः भरली, दाबून, अंगठ्यानं. कडी वर लावली, खूप वर, माझा हात सहज पोचेल तिथं. खिडकीची मापं मी माझ्या अंगाची घेतली होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घर झालं तेव्हा रामकरणनं खिडक्यांपुढे उभं राहून हात जोडले. "आमेर में शीशा लगाया उजाला फेंकने को. आपने लगाया धूप पीने को." आमेरच्या राजवाड्यात भिंतीभर आरसे जडवलेत, त्यावरून हा टोमणा. मला राग आला. पण सकाळी त्या काचांतून नाहरगडाचा डोंगर दिसायचा, आणि मी आलेल्या प्रत्येकाला तिथं नेऊन उभं करायचो.

तो दिवस

पहिला उन्हाळा. इथली रीत अशी, की सकाळी आठला घर बंद, अंधार करायचा, आणि दिवेलागणीला उघडायचं. वसंता कचेरीला जाताना माझ्या खोलीच्या दोन्ही खिडक्या वरच्या कडीनं लावून जायचा. मला ते आवडत नव्हतं. मिरजेला दुपारी खिडकी उघडली की नदीकडून वारा येतो. घाम आलेल्या अंगावर वारा घ्यायचा आणि पडायचं, हे लहानपणापासूनचं. खिडकी असून बंद ठेवायची तर ती केली कशाला?

त्या दुपारी जेवलो. सून शालन आतल्या खोलीत आडवी झाली होती. माझ्या खोलीत काचांतून ऊन येऊन फरशी पेटली होती, घामानं सदरा पाठीला चिकटला. मी उठलो, हात वर करून कडी काढली आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

आता जे सांगतो ते नवीन आलेल्यांनी दोनदा वाचावं. वारा आला. गरम होता, पण दोन मिनिटांत घाम वाळला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला तापला वारा, अशीच फसवते. घाम दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं उकाडा गेला. घाम गेलेला नसतो, ती पिऊन टाकत असते. मी खाट खिडकीखाली ओढली आणि झोपलो.

पुढचं मला शालननं सांगितलेलं. चार वाजता ती चहाला उठवायला आली, तर मी डोळे उघडे ठेवून मिरजेच्या एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. अंग कोरडं आणि हात लावला तर चटका. तिनं मला एकटीनं खाटेसकट ओढत मधल्या बोळात आणलं. माझं वजन तेव्हा दोन मणांवर होतं, आणि ती किती आहे ते तुम्ही पाहिलंय. अख्खा माठ अंगावर ओतला, स्वतःचं लुगडं भिजवून गुंडाळलं आणि शेजाऱ्याला टांग्यासाठी पळवलं.

इस्पितळात

वॉर्डात बाजेला बाज लागलेली होती. दाराला वाळ्याचे पडदे, त्यावर एक बाई दिवसभर बादलीनं पाणी मारायची. त्या ओल्या वाळ्याचा वास मला आजही आला की ती बाज आठवते, आणि त्याच वेळी बरंही वाटतं. अंगाखाली बर्फाच्या लाद्या, वर ओली चादर. शुद्धीवर आलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. जीभ जड झाली होती. पाण्याचा पेला उचलला तर निम्मं पाणी छातीवर सांडलं. मला वाटलं थंडीनं हात कापतोय.

डॉक्टर आपल्यातला निघाला, अकोल्याकडचा, तरुण पोरगा. मराठी ऐकून मला रडू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

"आजोबा, गाव कोणतं तुमचं?"

"मिरज."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "आमच्याकडचा माणूस दुपारी खिडकी उघडत नाही. तुमच्याकडचे उघडतात. खिडकी उघडी होती का?"

मी तोंड उघडायच्या आत वसंता बोलला. "सताड उघडी होती, डॉक्टर. मी सकाळी लावून गेलो होतो. घरात दुसरं कोण आहे? हिनंच उघडी टाकली असणार, झाडताना वगैरे. हिला काही ध्यान नसतं."

शालन पायाशी उभी होती, पदर ओला, हातात पंखा. तिनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरनंही माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

मी डोळे मिटून घेतले.

तुम्ही म्हणाल आजारी माणूस, काय बोलणार. तसं नव्हतं. मला सगळं कळत होतं. पण "मी उघडली" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की का उघडली. मग रामकरणला कळलं असतं, वसंताच्या कचेरीत कळलं असतं, की म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं भट्टी बांधली आणि स्वतःच तिचं दार उघडून आत झोपला. म्हणून मिटले डोळे. एकदा मिटले की दुसऱ्या दिवशी उघडणं आणखी जड जातं.

सहा दिवस तिथं होतो. शालन रोज सकाळी कैरीचं पन्हं घेऊन यायची. चमच्यानं पाजायची, कारण पेला माझ्या हातात टिकत नव्हता. वसंता आला की ती बाहेर व्हरांड्यात जायची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. चौथ्या दिवशी तो माझ्या उशाशी बसून म्हणाला, "तात्या, पावसाळा लागला की तुम्हाला मिरजेला अक्काकडे पोचवतो. हिच्या भरवशावर तुम्हाला इथं ठेवायची मला हिंमत नाही."

अक्का म्हणजे माझी मुलगी. तिला त्यानं पत्रही टाकलं होतं. त्यात काय लिहिलं असेल ते मला समजत होतं. आमच्या नात्यात एकदा बाईच्या नावानं असं पत्र गेलं की ते सात घरं फिरतं.

मी म्हटलं, "बघू."

निघताना डॉक्टरनं सांगितलं, "हाताचं कापणं राहील बहुतेक. आणि एक लक्षात ठेवा आजोबा, ज्या अंगाला एकदा ही उष्णता लागली, त्याला दुसऱ्या वेळी थोडीही पुरते. आता दुसरी वेळ नको. खोली गार पाहिजे."

घरी आल्यावर

घरी मला बोळात खाट टाकून दिली. बोळ गार होता, पण येणारा-जाणारा ओलांडून जायचा. मी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी हट्टानं माझ्या खोलीत गेलो. खिडक्या बंद होत्या, पडदे होते, तरी तीन वाजता ताप चढला. शालननं पाठीवर ओलं फडकं ठेवलं आणि मला बखोटीला धरून पुन्हा बोळात आणलं.

संध्याकाळी वसंता म्हणाला, "उद्या रामकरणला बोलावतो. विटा लावून दोन्ही खिडक्या बुजवून टाकू."

"माझ्या खिडक्यांना वीट लागली तर मी या घरात पाणी पिणार नाही."

"मग काय करायचं तात्या? मरायचं?"

मी हिरकणी काढून बसलो. हिरकणी म्हणजे काच कापायचं आमचं हत्यार, टोकाला हिऱ्याचा कण असतो. माझ्या उस्तादानं दिलेली. पाटीवर एक रेघ ओढून पाहिली. ती नाल्यासारखी वाकडी गेली. दुसरी ओढली, तीही तशीच. मग ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिली. या आजारातलं सगळ्यात वाईट काय म्हणून कुणी विचारलं तर मी ताप सांगत नाही, ती रेघ सांगतो.

तोड शालननं काढली. चहाचं एक मोठं लाकडी खोकं तिनं वाण्याकडून आणलं होतं, डाळी ठेवायला. त्याला आतून चंदेरी कागद असतो, जाड. खोकं अंगणात वाळत ठेवलं होतं. तिनं पाहिलं, की त्यावरचं ऊन समोरच्या भिंतीवर जाऊन पडतंय आणि फळीची मागची बाजू हाताला गार लागतेय. ती दारापाशी येऊन, वसंताकडे न बघता, मला म्हणाली, "मामंजी, हा कागद तावदानांना चिकटवला तर? चकचकीत बाजू बाहेर. उजेड थोडा जाईल, पण ऊन परत जाईल. वीट लावायला नको."

डोकं चांगलं होतं. आणि मला तेच सहन झालं नाही. मी म्हटलं, "माझ्या काचेला चहाचा कागद? बाहेरून लोक बघतील, म्हणतील इथं चहाची गादी आहे."

"बघू देत," वसंता म्हणाला. "कागद नाहीतर वीट. बोला."

मी बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, असं त्यानं धरलं.

तडा

रामकरण दुसऱ्या कामावर होता. जेठात तिकडे दुपारी काम बंद असतं, म्हणून तो तीनच्या सुमाराला आला. मला पाहून त्यानं एक शब्दही टोमण्याचा काढला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. खाटेशी उकिडवा बसून नुसतं म्हणाला, "उस्तादजी, दुबले हो गए." मग शालनला विचारून वाण्याकडून आणलेले कागद कापायला लागला.

मी बोळातून बघत होतो, दार उघडं होतं. तीन वाजलेले, ऊन सरळ काचांवर. शालननं मैद्याची खळ शिजवून गार केली होती. तिनं फडकं माठाच्या पाण्यात बुडवलं, काच पुसून घ्यायला.

तिथं मला सगळं दिसलं. उन्हानं तापलेल्या काचेला गार पाणी लावायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी कान धरून शिकवतात. चिकटवायचं काम पहाटे करायचं, काच रात्रीची गार असते तेव्हा. कागद चारी बाजूंनी सूतभर लहान कापायचा, म्हणजे काचेला फुगायला जागा राहते. हे सांगायला मला कापरे हात आड येत नव्हते. तोंड होतं.

मला म्हणायचं होतं, "थांबा." आणि मनात असंही होतं, की नाही जमणार यांना, मग येतील विचारायला, उस्ताद सांगा म्हणून.

पहिलं तावदान ठीक गेलं. दुसऱ्याला फडकं लागलं आणि टक्‌ असा आवाज झाला. मला आवाजावरूनच कळलं तडा कुठून कुठे गेला ते. शालननं काच पडू नये म्हणून हात लावला. खालचा तुकडा सुटला आणि तिच्या डाव्या तळव्यातून गेला.

रक्त फरशीवर पडलं. ती ओरडली नाही. रामकरणनं मुंडाशाची पट्टी फाडून बांधली, शेजारच्या कंपाउंडरकडे नेऊन आणलं. तीन टाके.

सात वाजता वसंता आला. काच बघितली, हात बघितला. आवाजही चढवला नाही त्यानं. "एक काम धड होत नाही तुझ्याकडून. खिडकी बंद ठेवता येत नाही, खिडकी पुसता येत नाही. तात्या सुखरूप पोचले मिरजेला की मी सुटलो."

ती पाटावर बसून उजव्या हातानं पोळी लाटायला बघत होती. डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला.

मी म्हटलं, "खिडकी मी उघडली होती."

जीभ जड होती, म्हणून त्याला पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही. परत सांगितलं. "त्या दिवशी. मी उघडली, मी खाट ओढली. आणि आज काच तडकणार हे मला माहीत होतं. बघत बसलो."

वसंता माझ्याकडे बघत राहिला. असं मुलानं बापाकडे बघू नये. मग तो म्हणाला, "इस्पितळात का नाही बोललात?"

"नाही बोललो."

"मी अक्काला पत्र लिहिलं, तात्या."

"दुसरं लिही. मी सांगतो तसं लिही. नाहीतर माझ्या हातानं लिहितो, वाचता आलं तर वाचेल."

लाटणं थांबलं होतं. शालन खाली बघूनच म्हणाली, "मला माहीत होतं, मामंजी."

"काय?"

"वरच्या कडीला माझा हात पोचत नाही. टाचा उंचावल्या तरी नाही." मग वसंताकडे वळून, किती दिवसांनी कोण जाणे, म्हणाली, "तुम्हीच लावून जाता ना सकाळी. मी कशी उघडीन?"

वसंतानं वळून माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्यानं रोज ती कडी लावली होती, आणि आपण हात वर किती नेतो हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

मी विचारलं, "मग तू का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. बरं वाटायला लागलं की बोलाल." तिनं पोळी उचलून तव्यावर टाकली. "वाट बघत होते."

एवढंच बोलली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आधी मी उठलो. काचेला हात लावला, गार होती. फुटक्या तावदानाच्या जागी तात्पुरती फळी लावायला वसंताला सांगितलं, त्यानं मुकाट्यानं लावली. शालनला हाक मारून कागद सूतभर लहान कापायला सांगितला, खळ पातळ करून घेतली. तिनं एका हातानं कागद धरला, वसंतानं खालून ताणला, मी स्टुलावर बसून फक्त सांगत होतो, मधून बाहेर दाब, बुडबुडा कडेला ने, घाई नको. सूर्य मागच्या अंगाला उगवेपर्यंत अकरा तावदानं चंदेरी झाली.

मग मी पेटीतून पेचकस काढला. खिडकी धरून उभा राहिलो आणि दोन्ही खिडक्यांच्या वरच्या कड्या उतरवल्या. हात इतका कापत होता की पेचकस स्क्रूच्या खाचेत बसायलाच वेळ लागायचा. वसंता पुढे आला, त्याला मी बाजूला केलं. शालनला खिडकीपाशी उभं केलं, हात सरळ कर म्हटलं, आणि जिथं तिची बोटं आली तिथं पेन्सिलीनं खूण केली. खूण वाकडी आली. त्या खुणेवर कड्या बसवल्या, एकेकीला चार स्क्रू. आठ वाजत आले होते.

"लाव," मी म्हटलं.

तिनं चांगल्या हातानं दोन्ही लावल्या. मी जाऊन आत खाटेवर बसलो.